आईने काहीच विचारलं नाही

माझ्या आवडत्या रॉक गायकाने पन्नाशी ओलांडल्यावर सिनेमात हीरो व्हायचं ठरवलं, हा मला बसलेला पहिला धक्का. कॉलेजात असताना त्याच्या कॅसेटपायी मी केस खांद्यापर्यंत वाढवले होते. काळी जीन्स, काळा बनियन, सगळ्या जगावर राग. तोच माणूस आता समुद्रकिनाऱ्यावर फुलाफुलांचा शर्ट घालून, हातात शहाळं धरून, पंधरा पोरींच्या मधोमध गिरक्या घेताना ट्रेलरमध्ये दिसला. घरात दोन दिवस मी कोणाशी धड बोललो नाही. मग माफ केलं त्याला. केस माझेही राहिले नव्हते.

माफ केल्यावर मात्र मी पुरता पेटलो. आमच्या घरात एक रीत आहे, सिनेमा सगळ्यांनी मिळून बघायचा. आई, बायको, मुलगी आणि मी. रीत मीच घातलेली असल्यामुळे ती पाळली जाते की नाही यावर लक्षही माझंच. पिक्चर शुक्रवारी लागणार होता आणि आनंदनगरच्या आमच्या कारखान्यात नेमका तेव्हाच साफसफाईचा शटडाउन. शनिवारपर्यंत मी बॉयलरच्या पोटात असणार. म्हणून मी रविवार दुपारची तिकिटं काढली आणि जेवताना सगळ्यांना बजावलं, "माझ्याशिवाय कोणी बघायचा नाही."

"नाही हो, कोण बघतंय," बायको म्हणाली.

"पप्पा, तुमचा हीरो आहे. आम्हाला काय पडलंय?" मुलगी.

आईने तर गळ्याला चिमटा काढून शपथ घेतली. तेव्हाच मला संशय यायला हवा होता. आई देवाची शपथसुद्धा सहज घेत नाही.

शिवाय मी उल्हासनगरला जाऊन चौघांसाठी हीरोसारखे शर्ट आणले. तिथल्या बाजारात पिक्चरच्या आधी पिक्चरचे कपडे येतात. मी दुकानदाराला विचारलं, हा अगदी तस्साच आहे ना? तर तो दुखावला. "साईं, हीरो ने बाद में पहना. हमने पहले सिला." पिवळ्या शर्टावर लाल जास्वंदी, आणि प्रत्येक जास्वंद पुरणपोळीएवढी.

रविवारी मी तो घालून आरशासमोर उभा राहिलो. पोटावरच्या दोन जास्वंदी जरा जास्तच उमलल्या होत्या. बायकोने "बरा दिसतोय" म्हणून नजर फिरवली. मुलीने शर्ट घातला आणि वरून जॅकेट, चेन गळ्यापर्यंत. खरी कमाल केली आईने. तिने तो सरळ लुगड्यावर चढवला. आईचं माहेर बारवी धरणाकडच्या पाड्यातलं, शेती भाताची. "लावणीला असाच घालायचे बाबांचा सदरा, चिखल उडतो म्हणून," ती म्हणाली आणि बाह्या दुमडून तयार झाली. आमच्या चौघांत त्या शर्टात शोभत होती ती एकटी आईच.

आता आईचं सिनेमा बघणं सांगायला हवं, कारण सगळी फजिती तिथून उघडी पडली. आई थिएटरात गप्प बसत नाही. पाट्या पडायला लागल्यापासून तिचे प्रश्न सुरू. हा कोण? चांगला की वाईट? हिचा नवरा कुठाय? आता मारतील का याला? आणि मी तिला सांगत असतो. खालच्या आवाजात, असं मला वाटतं. गेली कित्येक वर्षं ती विचारते, मी सांगतो.

त्या दिवशी पडदा उजळला. निळा समुद्र, नारळाची झाडं, वाळूवर गिटार. हीरो मोडकळीला आलेलं शॅक, म्हणजे वाळूवरचं झोपडीतलं हॉटेल, चालवतो आणि गावातला एक बिल्डर त्याच्या किनाऱ्यावर डोळा ठेवून असतो, असं साधं प्रकरण. मी आईकडे झुकून वाट बघितली. आई गप्प. हिरॉइन आली. आई गप्प. एक टकला गॉगल लावून बोटीतून उतरला, जो चांगला की वाईट हे मलाही कळेना, तरी आई गप्प! मी अंधारात तिच्या कपाळाला हात लावून पाहिला. ताप नव्हता.

मग वादळ आलं आणि हीरो बोटीसकट बुडाला. पुढच्या रांगेतली एक बाई "अरे देवा" म्हणाली. तेवढ्यात आई पुढे वाकली, त्या बाईच्या खांद्यावर हात ठेवला आणि मायेने म्हणाली, "घाबरू नको गो. काही होत नाही त्याला. मघाच्या त्या टकल्यानेच लपवलाय. लग्नाच्या मांडवात येतो तो गात गात."

मी बायकोकडे पाहिलं. बायको पडद्याकडे बघत होती. मुलीने जॅकेटची चेन आणखी वर ओढली.

मध्यंतरात मी तिघींना पॉपकॉर्नच्या काउंटरपाशी गाठलं. "कधी बघितलात?"

"शुक्रवारी," मुलगी म्हणाली. "पप्पा, ओरडू नका, लोक शर्ट बघतायत."

शुक्रवारी! मी बॉयलरमध्ये काजळी खात होतो तेव्हा! "पण का?"

बायकोने सुस्कारा सोडला. "अहो, तुमच्याबरोबर सिनेमा ऐकू येत नाही. गिटार वाजली की तुम्ही समजावता. गाणं लागलं की गाता. तेही त्याच्या आधी."

"आईला सांगावं लागतं म्हणून बोलतो मी!"

"मी विचारते हा कोण," आई म्हणाली. "तू त्याच्या आजोबापासून सुरू करतोस. तोवर तो मरून जातो."

माझा आवाज उगाच बारीक झाला. "हा पहिलाच ना पण असा?"

बायको पॉपकॉर्न निरखायला लागली. "एखाददुसरा असेल आधी."

"एखाददुसरा कसला?" आई म्हणाली. खोटं तिला फार वेळ झेपत नाही. "गेल्या दिवाळीपासून सगळेच की."

"आई!" बायको आणि मुलगी एकदम ओरडल्या.

सगळेच. म्हणजे गेल्या दिवाळीपासून माझ्या शेजारी बसून या तिघी दचकल्या, रडल्या, "आता काय होणार" म्हणाल्या, ते सगळं नाटक. आणि आईचे ते प्रश्न? तेही नाटकच, आज नेमकी ती विचारायला विसरली होती.

"मग पुन्हा कशाला येता माझ्याबरोबर?"

"असं काय करतोस," आई म्हणाली. "एकदा पिक्चरसाठी बघायचा, एकदा तुझ्यासाठी."

तिला वाटलं, याने मला बरं वाटेल. मला मात्र मी अचानक लग्नातल्या आहेरासारखा वाटायला लागलो. आवडतो म्हणून कोणी देत नाही, द्यावा लागतो.

मध्यंतरानंतर मी तोंड शिवून बसलो. माझं आवडतं गाणं लागलं, मी ओठ हलवला नाही. मग आला तो मोठा गिटारचा तुकडा, ज्याच्यासाठी मी ट्रेलर पुन्हा पुन्हा पाहिला होता. तिघींनी माझ्याकडे वळून पाहिलं. मी गिटारकडे पाहत राहिलो आणि माझ्या लक्षात आलं, सूर वर चढतायत आणि त्याचा डावा हात दांडीवर खालच्या सुरांपाशीच थांबलाय. बोटं भलत्याच तारांवर. वाजवणारा दुसराच कोणी होता. माझा माणूस नुसता गिटार धरून हसत होता.

एवढी मोठी गोष्ट कळली आणि ती माझ्या घशातच राहिली. सांगितली असती तर बायको म्हणाली असती, झालं सुरू. आजवर सांगितलेली नाही. तिघींना अजून वाटतं, त्यानेच वाजवलंय.

रिक्षातून कुळगावला परतताना आईने शर्टाची बाही चाचपत म्हटलं, "कापड चांगलंय हो." घरी बायकोने न विचारता शिरा केला. मी खाल्ला. शिऱ्याशी माझं भांडण नव्हतं.

रीत मोडली नाही. अजून आम्ही सगळे मिळून जातो, मी आधीपेक्षा कमी बोलतो. पण सिनेमा बघणं माझं सुटलंच आहे. मी पडदा सोडून तिघींचे चेहरे बघतो. दचकली ती खरी का? हसली ती जरा आधीच का? आणि आई पकडली गेल्यापासून सावध झाली आहे. आता ती पूर्वीपेक्षा दुप्पट प्रश्न विचारते.

परवा असाच एक सिनेमा लागला. पहिल्याच दृश्यात एक म्हातारा सायकलवरून आला. आईने मला कोपराने ढोसलं. "हा कोण रे?"

"मला नाही माहीत," मी म्हणालो. "तूच सांग."

आईने तोंड उघडलं. मग तिची नजर माझ्या पलीकडे बसलेल्या बायकोवर गेली.

"मला काय ठाऊक," ती म्हणाली, आणि मूठभर पॉपकॉर्न तोंडात कोंबलं.