आईचा 'नंतर'चा फोटो

त्या बाईचा राग मला अजून येतो. आता ती आमची सोयरी आहे, म्हणून गिळावा लागतो, एवढंच. धाकट्या बहिणीच्या साक्षगंधाला नवरदेवाच्या मावशीनं आमच्या आईपुढे पाण्याचा गिलास धरला आणि म्हणाली, "तुम्ही नवरीच्या आजी ना? बसा, बसा, उभ्या नका राहू." आईचं वय बावन्न. मावशी तिच्याहून मोठीच असेल, पण नागपूरची, केस काळे केलेले, गाल गुळगुळीत. आई हसली. "आजी नाई बाई, माय होय मी तिची," म्हणाली आणि गिलास घेतला. सगळे हसले. मीही हसले.

आम्ही ढिवर, मासोळी धरणारे. नागभीडजवळ आमचं गाव, गावाला तलाव, आणि त्या तलावावर आमचं घर चालतं. लग्न होऊन आली तेव्हापासून आई त्या पाण्यात उभी आहे. ऊन वरून लागतं आणि पाण्यावरून उलटून खालूनही लागतं. त्यामुळे दोन्ही गालांवर वांगाचे डाग, डोळ्यांच्या कडेला सुरकुत्या. त्याचं तिला कधी काही वाटलं नव्हतं. साक्षगंधानंतर दोन दिवसांनी तिचा फोन आला. मिरची वाळत घातली म्हणाली, शेजारच्या म्हशीचं सांगितलं, आणि मग हळूच म्हणाली, "तुमच्या तिथी चेहऱ्याचं काई करतेत म्हणे. माह्यावालं होईन का? लगनात पोरीच्या बाजूले उभी राहीन, एक फोटो काढीन, तवा कोणी आजी नाई म्हटलं पायजे. बस."

एवढंच मागितलं होतं तिनं. उभ्या जन्मात स्वतःसाठी काही मागितलेलं मला दुसरं आठवत नाही. मी म्हटलं, होईल ना, ये तू.

मी तेव्हा चंद्रपुरात एका स्किन क्लिनिकमध्ये कामाला होते. नऊ वर्षं. पांढरा कोट, केसांना जाळी आणि "या ना मॅडम, बसा ना मॅडम" अशी धुतलेली भाषा. गावचं बोलणं मी घासून घासून काढलं होतं. राग आला की ते परत येते आता, अन् येऊ दे. क्लिनिकची मालकीण डॉक्टर नव्हती, तिनं कुठलासा कोर्स केला होता. डॉक्टर नागपूरहून रविवारी यायचे. बाकीचे सहा दिवस भिंतीवर त्यांचं सर्टिफिकेट ड्यूटी करायचं. घुग्घुसच्या खाणीतल्या साहेबांच्या बायका धुळीनं वैतागून आमच्याकडे यायच्या आणि मालकिणीलाच डॉक्टर मॅडम म्हणायच्या. तीही कधी नाही म्हणायची नाही.

आमच्याकडे मुख्य तीन कामं चालायची. पील, म्हणजे ॲसिडनं वरची कातडी हलकेच सोलणं. सुयांचा रोलर, म्हणजे बारीक भोकं पाडून कातडीला आतून नवी व्हायला लावणं. आणि डागांवर लेसर. तिन्ही चांगली कामं आहेत. जोडीनं केली तर एकट्यापेक्षा जास्त फरक पडतो, हेही खोटं नाही, मी डोळ्यांनी पाहिलं आहे. पण जोडीनं म्हणजे एका दमात नव्हे! आधी काही आठवडे क्रीम आणि सनस्क्रीन, मग हलकं पील, मग थांबा, कातडी काय म्हणते ते पाहा, मग पुढचं. आपल्यासारख्या सावळ्या कातडीला लेसर तर फारच जपून, नाहीतर जायचा डाग दुप्पट होऊन बसतो. आमच्या गावात कोणी पऱ्हे टाकून, म्हणजे रोपांसाठी बी पेरून, त्याच दिवशी धानाची रोवणी करतं का? केली तर लोक त्याला येडा म्हणतील.

आईचं ऐकून मालकीण भलतीच खूश झाली. "पैसे नकोत गं, तुझी आईच आहे. फक्त आधीचा आणि नंतरचा फोटो आम्ही बोर्डावर लावू." एप्रिल संपत आला होता, लग्न तीन आठवड्यांवर. मी विचारलं, "मॅडम, एवढ्या दिवसांत तिन्ही कसं बसेल?" ती म्हणाली, "एकाच बैठकीत करून टाकू. फोटोत रिझल्ट दिसला पाहिजे ना." आणि मी, हेच काम करण्यात नऊ वर्षं घातलेली बाई, तोंडाला कुलूप लावून बसले. मालकीण आहे, फुकट देते आहे, वर उपकार करते आहे, कशाला बोला! चंद्रपूरचा उन्हाळा, जिथे दुपारी रस्त्यावर कुत्रं फिरत नाही, आणि त्या उन्हाळ्यात माझ्या मायच्या तोंडावर एका दुपारी ॲसिड, सुया आणि लेसर. लिहितानाही तळपायाची आग मस्तकात जाते.

आधीचा फोटो मीच काढला. आई हिरवी साडी नेसून, केसांना तेल लावून, वेणी घट्ट घालून आली होती. कॅमेऱ्याकडे पाहून छान हसली, कारण कॅमेरा लेकीच्या हातात होता.

आत तिनं हूं की चूं केलं नाही. एकदाच म्हणाली, "मिरची लागल्यावानी झोंबून राह्यलं वं." निघताना मालकिणीनं सूचनांचा छापील कागद दिला, इंग्रजीतला. तो मी वाचून सांगायला हवा होता. बाहेर गिऱ्हाईकं खोळंबली होती, म्हणून दारातूनच ओरडले, "आई, ऊन लागू देऊ नको. चेहरा झाकून ठेव." तेवढ्यावर तिला बसमध्ये बसवून दिलं.

आता आमच्याकडची रीत ऐका. उन्हाळ्यात तलावाचं पाणी उतरलं की मासेमारांची सोसायटी मोठं जाळं ओढायचा दिवस ठरवते. त्या दिवशी घरटी एक माणूस पाण्यात उतरलंच पाहिजे. नाही उतरलं तर त्या घराला मासोळीचा हिस्सा नाही, आणि हिश्शापेक्षा वाईट म्हणजे लोक वर्षभर बोलतात. बाबा गेल्यापासून आमच्या घरून आईच उतरते. क्लिनिकमधून गेल्यावर चौथा दिवस नेमका जाळ्याचा निघाला. तिनं मला विचारलंही नाही. जाळ्याला जाऊ का, असं आमच्यात कोणी विचारतं का?

आणि तिनं माझं ऐकलं हो! शब्दाला शब्द ऐकलं. चेहरा झाकला. पाण्यात उतरणाऱ्या आमच्या बाया झाकतात तसाच झाकला: सुती फडकं तलावात बुचकळायचं, तोंडाभोवती गुंडाळायचं, वाळलं की पुन्हा बुचकळायचं. सगळ्या गावानं ढवळलेलं गाळाचं पाणी, सकाळपासून उन्हं कलेपर्यंत, सुयांनी उघड्या पडलेल्या कातडीवर. "गार वाटे," म्हणाली मला नंतर. "तूच त म्हटलं होतं झाकजो म्हणून."

दोन दिवसांत गाल सुजले, सुजेनं डोळे उघडेनात, पू धरला. सरकारी दवाखान्यात आठ दिवस काढले. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी मला विचारलं, "एकाच दिवशी तिन्ही करा, असं कोणी सांगितलं?" माझा पांढरा कोट पिशवीत होता. मी तो पिशवीत आणखी खाली दाबला. घ्या, हात दाखवून अवलक्षण!

सूज उतरली. वांगाच्या जागी दोन्ही गालांवर कोळशासारखे काळे चट्टे राहिले. मी त्यांचा फोटो काढून मालकिणीला पाठवला, आता काय करू म्हणून. तिचं उत्तर आलं, "पेशंटची चूक आहे. कागदावर सगळं लिहिलेलं होतं." चोर तो चोर, वर शिरजोर! दुसऱ्या दिवशी मी भरल्या क्लिनिकमध्ये उभी राहिले आणि माझी सगळी धुतलेली भाषा गळून पडली. "माह्या मायले मराठी वाचता येत नाई, तिले तू इंग्रजी कागद देतं? ते चौथ्या दिवशी चुकली असन, पण पहिल्या दिवशी तू काय केलं वं? डॉक्टर होय का तू?" साहेबांच्या बायका तोंडाला पॅक लावलेल्या तशाच ऐकत होत्या. मी कोट टेबलावर फेकला आणि निघाले. परत कामाला गेले नाही.

लग्न झालं. आई पदर नाकापर्यंत ओढून मांडवामागे भांड्यांपाशी बसून राहिली. फोटोवाल्यानं दोनदा बोलावणं पाठवलं. बहिणीनं रडून पाहिलं, मी हात धरून ओढून पाहिलं. "मी आहो न इथीच," एवढंच ती म्हणायची. आणि ती मावशी? ती विचारत फिरत होती, "विहीणबाई दिसत नाहीत कुठे?" आता दिसायला पाहिजे होती तिला विहीण! अल्बममध्ये बहिणीच्या शेजारी आईच्या जागेवर मी उभी आहे. तो अल्बम मी एकदाच पाहिला.

मी गावीच राहिले. धान कापणीच्या दिवसांत बहिणीनं मोबाइलवर एक चित्र पाठवलं, कुठल्या तरी ग्रुपवरून फिरत आलेलं. क्लिनिकची जाहिरात. "तीन उपचार, एक नवा चेहरा." डावीकडे लिहिलं होतं 'आधी', आणि त्याखाली माझ्या आईचे काळे चट्टे, मीच पाठवलेला फोटो. उजवीकडे 'नंतर', आणि त्याखाली हिरवी साडी, घट्ट वेणी, तेल लावलेले केस. पहिल्या दिवसाचा, मीच काढलेला फोटो. दोन्ही उलटे लावले होते मेलीनं! एवढी मशिनं, एवढ्या बाटल्या, आणि दाखवायला चेहरा सापडला तो आई घरून घेऊन आली होती तोच.

तशीच उठले. पिशवीत कापणीचा विळा होता, तो घेऊन बस पकडली आणि क्लिनिकच्या दारावर लावलेला तोच फोटो असलेला फ्लेक्स वरपासून खालपर्यंत फाडला. मालकीण पोलिसांना बोलावते म्हणाली. "बोलाव," म्हटलं, "मले बी त्याहिले लय सांगाचं हाये." तिनं कोणालाच बोलावलं नाही. मोबाइलवरचं चित्र मात्र फिरायचं ते फिरलंच.

आईपासून लपवायचं ठरवलं होतं. पण परत आले तर ती अंगणात बसून वाटच पाहत होती. शेजारच्या पोरीनं आधीच सांगितलं होतं तिला.

"दाखव," म्हणाली.

मी मोबाइल दिला. डावा फोटो तिनं अंगठ्यानं झाकला आणि उजवा किती तरी वेळ पाहत राहिली. स्वतःचा चेहरा एवढा वेळ पाहताना मी तिला कधी पाहिलं नव्हतं.

"चांगलीच त दिसत होती मी," ती म्हणाली. मग मोबाइल माझ्या हातात देऊन माझ्याकडे पाहिलं. "तवा काऊन नाई सांगतलं तू मले?"