नकाशाच्या चौकटीत काय काय मावतं

आमच्या दुकानात काउंटरखाली फुकट गेलेल्या प्रिंटांचा गठ्ठा आहे. एक बाजू कोरी, म्हणून टाकवत नाही. किश्शांचंही तसंच झालंय. ठेवायचे म्हणून कुणी ठेवले नाहीत, पण गठ्ठा वाढतच गेला!

मी मूळचा मिठागरवाल्यांच्या घरातला. आधी मिठाचा ट्रक चालवला, मग रेवदंड्यात झेरॉक्स टाकलं, मग हिय्या करून मोठे नकाशे छापणारा प्लॉटर आणला. कॉम्प्युटर व्हिडिओ बघून शिकलो. अख्ख्या गावाचा नकाशा एका कागदावर मावत नाही, म्हणून त्याचं पानापानांचं पुस्तक करतात. गावावर चौकोनांची जाळी टाकायची, एक चौकोन म्हणजे एक पान, आणि एक्सपोर्ट दाबायचं. सोपं!

मी दाबलं. पहिलं पान आलं, नुसतं निळं. दुसरं निळं. तिसरंही निळं! जाळी मी थेट खोल समुद्रापासून टाकली होती. आमची प्रणाली, म्हणजे नकाशांचं काम करणारी मुलगी, चहा घेऊन आली आणि कागद बघून म्हणाली, "काका, गाव यायला अजून किती शाई लागेल?"

तेव्हापासून चौकोन ती टाकते. मी चहा आणतो.

*

चौलच्या एका देवस्थानाचं पुस्तक केलं. छपाई एक नंबर! पुजारीबुवांनी पानं चाळली आणि त्यांचा चेहरा बदलला.

"शेठ, गाभारा सातव्या पानावर आणि सभामंडप आठव्यावर?"

"चौकोन तिथंच संपला, बुवा."

"मग भक्तानं दर्शनाला पान उलटायचं का?"

प्रणालीनं प्रत्येक पानाची चौकट चारही बाजूंनी थोडी वाढवली. शिंपी शिवणीत कापड सोडतो ना, तसं. शेजारच्या पानाचा काठ दोन्हीकडे आला आणि देऊळ सातव्या पानावर सगळंच्या सगळं उतरलं. बुवा आठवं पान उघडून बघतात तर सभामंडप तिथंही!

म्हणाले, "म्हणजे देव सर्वत्र आहे, हे तुमच्या मशीनलाही पटलं तर!"

*

बोर्ली पंचतनच्या कामाला मी हुशारी केली. प्रत्येक वाडीला एक पान, आणि वाडी पानभर बसेल अशी चौकट. दिसायला झकास! पण मग आठ-दहा घरांची वाडी आणि बोर्लीची बाजारपेठ सारख्याच आकाराची दिसायला लागली. बाजारपेठेतले दुकानदार भडकले. "आमची पेठ एवढीशी?"

प्रणालीनं सांगितलं, "काका, सगळ्या पानांचं स्केल एकच ठेवा. लहान ते लहान, मोठं ते मोठं दिसू दे."

तसं ठरलं. तेवढ्यात त्या छोट्या वाडीचे एक आजोबा पुढे आले आणि माझ्या कानाशी लागले. "शेट, चुकीचा नकाशा फेकू नका, मना द्या. जन्मात पयल्यांदाच आमी बोर्लीयेवरं मोठं झालोय!"

तो नकाशा मी गुंडाळून, रबर लावून दिला.

*

आता हिराबायचं.

हिराबाय आमच्याकडची कोळीण. नवरा गेल्या वर्षी वारला, मागोमाग होडी विकली, आता सगळं घर सुक्या बोंबलांवर चालतं. किनाऱ्यावर बायकांचं मासळी वाळवायचं खळं आहे, बोंबील टांगायच्या बांबूच्या वलांडी एकीला लागून एक. तिथं पर्यटकांच्या गाड्यांसाठी पार्किंग करायचं घाटत होतं. ग्रामसभेला तालुक्याचे साहेब येणार, नकाशाचं पुस्तक बघणार आणि ठरवणार. पुस्तक आमच्याच दुकानात छापलेलं.

हिराबाय काउंटरशी आली. "शेट, आमचं खळं ह्यान कंच्या पानावर हाय?"

शोधलं, आणि माझं तोंड उतरलं. खळं बरोबर चार पानांच्या कोपऱ्यात पडलं होतं! प्रत्येक पानावर एकेक तुकडा, आणि बघणाऱ्याला वाटावं, मोकळी वाळू आहे. खळं एवढं लांब की शिवण सोडून भागेना.

"आमाला चार ठिकानी वाटून टाकलंव की!" हिराबाय म्हणाली.

प्रणालीनं जाळी बाजूला सारली आणि खास खळ्यासाठी एक नवीन चौकोन स्वतः काढला. आकाशातून काढलेला फोटो होता, दोन वर्षांपूर्वीचा. मी त्या फोटोत डोकं घातलं आणि बघतच राहिलो. वलांडींवरचे बोंबील चंदेरी रेघांसारखे चमकत होते! एवढ्या उंचीवरून!

हिराबायनं स्क्रीनवर बोट ठेवलं. "बाय, चौकट वाईच दर्याकडं सरकव. ह्यो ठिपका आत घे."

पाण्यात एक पांढरा ठिपका होता. प्रणालीनं चौकट सरकवली, तर सुरूच्या झाडांकडच्या वलांडी कापल्या गेल्या, म्हणजे खुद्द हिराबायच्याच! स्केल बदलायचं नाही, ही पंचायतीची अट.

"मावशी, एकच काहीतरी येईल."

"दोनी पायजेत."

 प्रणालीनं चौकट हळूच तिरकी फिरवली. किनारा जसा तिरका जातो, तशी. या टोकाला वलांडी, त्या टोकाला ठिपका. दोन्ही आत!

ग्रामसभेत साहेबांनी ते पान टेबलावर पसरलं. चष्मा पुसला. "बाकी सगळ्या पानांवर उत्तरेचा बाण सरळ आहे. इथंच उत्तर वाकडी का?"

मी उठणार, तोवर हिराबाय उठली. "उत्तर हाय तितंच हाय, सायेब. आमी कागद फिरवलाय."

सगळी सभा हसली. साहेबही हसले. चंदेरी रेघांवरून बोट फिरवत त्यांनी विचारलं, "आणि हे सगळं?"

"बोंबील."

"एवढे?"

"ह्ये तर कमीच हायत."

साहेब सरपंचांकडे वळले. "इथं पार्किंग नाही होणार. दुसरी जागा बघा." मागच्या बाजूला बायकांनी एकच गलका केला.

साहेबांनी नकाशाची घडी घालायला घेतली, तेव्हा त्यांचं लक्ष कागदाच्या टोकाला गेलं. "आणि पाण्यात हा पांढरा ठिपका कसला?"

हिराबायनं पदर सारखा केला.

"आमचं मालक, सायेब. होडी घिऊन डोलीचं जालं काढाया निंगालंत."

साहेबांनी घातलेली घडी उलगडली, कागद तळहातानं सपाट केला आणि गुंडाळून तिच्या हातात दिला.