दौलतजींचा उजवा हात

दौलतजी कोणाला रामराम करत नसत. समोर आलेल्याचं मनगट धरायचे, अंगठा चाचपत कोपरापर्यंत न्यायचे आणि सांगायचे, "लहानपणी पडलता बावा तू. झाडावरून." बहुतेक वेळा ते खरं निघे.

आमचा जिल्हा तेव्हा मध्यप्रदेशात होता. आमच्या गावाला, रोहण्याला, दवाखाना नव्हता. गाडी उलटली, बैलानं फेकलं, मारामारी झाली, की माणूस हाड बसवून घ्यायला दौलतजींच्या ओसरीवर. मी वर्षातून दोनदा तरी तिथं असायचोच. कधी स्वतःचं मोडून घेऊन, कधी मी मोडलेल्याला पोचवायला. शाळा मी तिसरीत सोडली, पण माणसाची हाडं त्या ओसरीवर शिकलो आणि शिकलेल्यांपेक्षा बरी शिकलो. "फासळ्या म्हणजे काळजाभोवतीचं कुंपण," ते म्हणत. "पण हालणारं कुंपण. म्हणून तुले दम घेता येते." आणि कोणी रडू लागला की, "हाड म्हणजे लाकूड नाई गा. जितं असते. मोडलं तं आपल्या आपण जुळते. आपण फक्त सरळ धराचं."

एका साली चुलतभाऊ नामदेवनं आमच्या वावरांमधला धुरा, म्हणजे बांध, हातभर नांगरून माझ्या वावरात सरकवला. मी लाठी घेऊन गेलो. पहिला तडाखा त्याच्या पाठीवर बसला, दुसऱ्यात दोन दात पडले. तिसरा मी डोक्यावर उगारला. कवटी फुटलीच असती. आरडाओरडा ऐकून आलेले दौलतजी मधे घुसले आणि त्यांनी उजवा हात आडवा घातला. कापसाची वाळली पऱ्हाटी मोडावी तसा आवाज झाला.

ते खाली बसले. मनगटाच्या चार बोटं वर हात भलतीकडेच वळला होता.

"दोन्ही हाडं गेली," ते म्हणाले. "लाठी ठेव अन् इकडं ये."

"मले नाई येत, दौलतजी."

"मोडता येते, बसवता नाई येत? ओढ."

तोंडातून रक्त गळत असलेल्या नामदेवनं कोपर धरलं, मी पंजा ओढला. बांबूच्या कामट्या लावून बांधलं. दौलतजींची मधेच शुद्ध गेली, तेव्हा सांगायला कोणी नव्हतं.

तीन आठवड्यांनी सोडून पाहिलं तर तळहात वर होईना. कोपरापासून मनगटापर्यंत हाडं दोन. एक जागेवर राहतं, दुसरं त्याच्यावरून फिरतं, तेव्हा तळहात उलटतो. मी पंजा पालथा ठेवून बांधला होता, हाडं तशीच वाकडी जुळत आली होती.

"कच्चं आहे अजून. मोड," दौलतजी म्हणाले.

मी नाही म्हटलं. माझं नाही म्हणजे नाही.

"असा हात राह्यला तं मी लोकाईचे हाडं कसे बसवू? त्या दिवशी तं मोठ्या जोरानं मोडला. आज काऊन भेऊन राह्यला?"

मला राग आला. त्यांचा हात पाटाच्या कडेवर ठेवला आणि गुडघा देऊन दाबला. त्यांनी दातांत धरलेला खांद्यावरचा दुपट्टा फाटला. त्यांची बायको मागून मला जोड्यानं हाणत होती. मी सोडलं नाही. या वेळी ते शुद्धीवर राहिले. "अंगठा आभाळाकडं," ते कण्हत म्हणाले. "ओढ. अजून. आता थांब."

दोन महिने मी त्यांचं वावर केलं, सकाळ-संध्याकाळ पट्टी पाहिली. माफी मागितली नाही.

पट्टी मीच सोडली. हात वाळल्यासारखा बारीक झाला होता. दौलतजींनी कोपर अंगाशी धरून तळहात वर केला, खाली केला. मग मला जवळ बोलावलं आणि भर ओसरीवर, लोकांदेखत, एक सुलट्या हातानं आणि एक उलट्या, अशा दोन थोबाडीत ठेवून दिल्या.

"फिरते," ते म्हणाले.

माझ्या बापानंतर माझ्या अंगावर हात टाकून कोणी धड घरी गेला नव्हता. मी जवसाचं तेल घेतलं आणि तो हात मांडीवर घेऊन चोळत बसलो.