निखिलच्या मॉनिटरवरचा आरसा

निखिलच्या मॉनिटरच्या कोपऱ्याला एक छोटा गोल आरसा चिकटवलेला दिसला आणि मनात म्हटलं, काम रखडतं ते उगाच नाही. आमच्या टीममधला सगळ्यात संथ प्रोग्रामर तो. त्याला ठेवायचं की नाही, हे मला शुक्रवारी साहेबांना सांगायचं होतं.

"भांग पाडायला बरा वेळ मिळतो रे!"

"भांग कसला, सर? तुम्ही मागे येऊन उभे राहता ना, ते आधी दिसावं म्हणून लावलाय. एकदम दचकलं की हातच चालत नाहीत."

मी दिवसातून पाच-सहा वेळा त्याच्या मागे उभा राहायचो, आणि तेही मदत म्हणून! खरं तर मला हे कळायला हवं होतं. आमच्या सोसायटीचा वॉचमन "येऊ द्या, येऊ द्या" म्हणत मागे उभा राहिला की मी गाडी हमखास खांबाला टेकवतो. एकटा असलो की ती निमूट जागेवर लागते. माणसाचं कसब असं भित्रं असतं. बघायला गेलं की लपतं. आणि मी ते बघूनच मोजत होतो.

शुक्रवारी साहेबांना म्हणालो, "दोन महिने द्या. माणूस सुधारेल."

कोणता माणूस, ते त्यांनी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.