गावदेवीने दोघांचे हात गुंतवले

माणूस आता सुधारला आहे, असं आमच्या घरात ठासून सांगणारे एकच गृहस्थ, ते म्हणजे आमचे हे. "मारामाऱ्या गुहेतल्या माणसाने करायच्या," असं ते चहाचा घोट घेत म्हणायचे आणि मी मान डोलवायची. पण गेल्या वर्षी गावदेवीच्या पालखीच्या दिवशी हेच गृहस्थ नारळ फोडायचा कोयता घेऊन सख्ख्या भावासमोर उभे ठाकले, तेव्हा माझी मान जागच्या जागी थांबली. समोर माझे मोठे दीर, हातात भिंतीवरून उतरवलेलं सासऱ्यांच्या होडीचं वल्हं. गुहा तेवढी नव्हती. बाकी देखावा पूर्ण!

बोनकोडे गावातलं आमचं घर मधे भिंत घालून दोन झालं आहे. पालखी दारोदार थांबते, बायका ओवाळतात, पालखी पुढे जाते. पण एका दाराची दोन दारं झाल्यावर देवी आधी कुणाकडे थांबणार? दीर म्हणत, मोठ्याचा मान. ह्यांचं म्हणणं, आईला शेवटपर्यंत आम्ही सांभाळलं. आठवडाभर अबोला होता; पालखीचे ढोल कोपऱ्यावर येताच तो सुटला.

"पालखी तुज्याकडं वलली तर दार तोडीन तुजा!"

"तोड ना दादूस, हात ऱ्हातो का बगू!"

मी आणि जाऊबाई आपापल्या उंबऱ्यावर ताटं घेऊन उभ्या होतो. मनात देवीला म्हटलं, बाई, इथे रक्त सांडलं तर तुला कोणत्या तोंडाने ओवाळू? खोटं कशाला सांगू, त्या क्षणी मला देवीचाही राग आला. तिच्यापायीच तर चाललं होतं सगळं.

तेवढ्यात पालखी आलीच. तिच्या पुढच्या दांड्याला दोघांनी जोडीने खांदा द्यायचा असतो आणि जोडी एका उंचीची लागते, नाहीतर देवी कलते. त्या जोडीतला एक भोई लंगडत होता. घामाने भिजलेलं बनियन, मिशा ह्या एवढ्या, आणि आमच्यापैकी कुणीही पूर्वी न पाहिलेला. त्याने कोयता पाहिला, वल्हं पाहिलं, आणि दोघांच्या डोक्यांवरून नजर फिरवली.

"उंची सारकी हाय तुमची. या फुडं. माजा पाय मुरगाललाय, देवीला भुईवर टेकवू काय?"

देवी भुईवर टेकत नाही, हे ह्या भावांना रांगायच्या आधीपासून ठाऊक. वल्हं खाली पडलं. कोयता ओट्यावर टेकला. मी तो ताबडतोब पदराखाली घेतला आणि उंबऱ्यावर बसकण मारली. भोयांची जोडी बाजूला झाली, दोघे भाऊ दांड्याखाली गेले आणि वजन खांद्यावर आलं. दांडा धरायला दोन्ही हात लागतात. मारायला उरतो कुठला? आणि पावलं जुळली नाहीत तर देवी डोलते, म्हणून बोलणं भाग पडलं. "दादूस, गटार हाय, बग." "बगतोय रे. तू हलू चल." आठवड्यातले हे पहिले सरळ शब्द!

मग पालखी घरासमोर येऊन अडली. पुढे जाईना, मागे येईना. लोक म्हणाले, देवी खेळतेय. मला मात्र उंबऱ्यावरून स्वच्छ दिसत होतं. दीर दांडा आमच्या दाराकडे ओढत होते आणि हे त्यांच्या दाराकडे.

"आधी धाकट्याकडं!"

"गप, मोठ्याचा मान हाय!"

"तू मला शिकवतो?"

भांडण तेच, आवाज तेवढाच, फक्त दिशा उलटी! शेवटी मी आणि जाऊबाई ताटं घेऊन रस्त्याच्या मधोमध गेलो आणि तिथेच जोडीने ओवाळलं. तो मिशीवाला भोई मग कुणालाच दिसला नाही. कुणी म्हणालं, उरणकडचा कुणाचा तरी पाहुणा असेल. असेलही. मी शोध घेतला नाही. मला मिळायचं ते मिळालं होतं.

माणूस बदलला का? छे! दुसऱ्याच दिवशी पाण्याच्या टाकीवरून दोघांचं वाजलं. पण वल्हं भिंतीवरच राहिलं. म्हणून हल्ली मी देवीकडे कुणासाठी सुबुद्धी मागत नाही. तिच्यासमोर हात जोडते आणि म्हणते, बाई, आम्ही असेच राहणार. तू आपलं ओझं आमच्या खांद्यावर देत जा, वेळ साधून.