मी काढलेला पहिला नट

“मधू, तू स्वतः स्टेजवर असलास की नाटक बघतंय कोण?”

वेल्फेअर ऑफिसरांनी असं विचारलं तेव्हा मला वाटलं, साहेब कौतुक करताहेत. मी आलो की लोक नाटक विसरून मलाच बघतात, असा अर्थ मी काढला आणि थोडा लाजलोही. साहेब म्हणाले, “अरे, मूव्हमेंट्स कोण बघतंय? हिरॉइन तुझ्यामागे झाकली जातेय!”

आमच्या अंबरनाथच्या कारखान्याच्या वार्षिक नाटकाची तालीम चालली होती. पन्नास साल नुकतंच उलटलं होतं. मी ड्रॉइंग ऑफिसात ट्रेसर होतो, म्हणजे दुसऱ्याने काढलेलं ड्रॉइंग पारदर्शक कागदावर गिरवणारा. नाटकात मात्र हिरो. दिग्दर्शक टायफॉइडने आडवे झाले आणि सगळ्यात मोठ्याने बोलणारा म्हणून दिग्दर्शनही माझ्याकडे आलं. मूव्हमेंट म्हणजे कोणी कुठून कुठे जायचं, ते. मी ते फार सोपं करून टाकलं होतं. मी मधोमध आणि बाकीचे उरलेल्या जागेत.

टेलिव्हिजनवरचा नट दिग्दर्शक कसा झाला, असं लोक मला आजही विचारतात. ते खरं तर या नाटकात झालं. टेलिव्हिजन हा शब्दही तेव्हा आमच्या कानावर आला नव्हता.

साहेबांनी उपाय सुचवला. माझ्या जागी कोणालातरी प्रॉक्सी उभा करायचा आणि मी समोर बसून बघायचं. प्रॉक्सी म्हणजे तालमीपुरता बदली माणूस. सेटचं सामान हलवायला मशीन शॉपमधला काथोड म्हात्रे यायचा, सोनिवलीकडचा. त्याच्या हातात मी माझी वही दिली.

“मना कुठं ॲक्टिंग येते?” तो घाबरला.

“करायचीच नाही. नुसतं वाच आणि उभा राहा.”

प्रसंग असा होता की हिरोची नोकरी गेलीय आणि ते तो बायकोला सांगतो. हे वाक्य मी उजवा हात कपाळाला लावून, प्रेक्षकांकडे तोंड करून, शेवटच्या रांगेला ऐकू जाईल असं म्हणत असे. काथोडने वहीत बघितलं. मान वर न करताच तो पुटपुटला, “माजी नोकरी गेली.”

बायकोचं काम कमला टीचर करत होत्या. कॅम्पातल्या, म्हणजे उल्हासनगरच्या शाळेत शिकवायच्या. सिंधहून आल्यावर बाजारात बोलून बोलून मराठी शिकलेल्या. एरवी या वाक्यावर त्या मी सांगितल्याप्रमाणे दचकत. त्या दिवशी त्या दचकल्या नाहीत. दोन पावलं पुढे आल्या, त्याच्या हातातली वही हळूच काढून घेतली आणि म्हणाल्या, “आधी जेवून घ्या.” हे वाक्य नाटकात होतंच. मी ते पहिल्यांदा ऐकलं. माझ्या शेजारी चहा ओतणारा माणूस किटली तशीच धरून उभा राहिला.

मला आनंद व्हायला हवा होता. पण माझी एक अडचण होती. बदलापूरच्या हेंद्रेपाड्यात राहणाऱ्या अप्पा वैद्यांच्या मुलीचं स्थळ मला सांगून आलं होतं. अप्पांना मी सहकुटुंब नाटकाला बोलावलं होतं. माझी नोकरी सांगण्यासारखी नव्हती. हिरो असणं सांगण्यासारखं होतं, आणि ते मी अख्ख्या हेंद्रेपाड्याला सांगितलं होतं.

पुढच्या तालमीला मी काथोडच्या चुका शोधायला बसलो. उच्चार सापडले. “शहरातला हिरो ‘माजी’ म्हणेल का?” मी साहेबांना विचारलं.

कमला टीचर स्टेजवरूनच म्हणाल्या, “मग माझे उच्चार कसे चालतात?”

“तुमची गोष्ट वेगळी, टीचर.”

“वेगळी काय? हा माझ्याशी बोलतो. तुम्ही पब्लिकशी बोलता. तेव्हा मी दीवारसे बात करती हूँ.”

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. “तू दिग्दर्शक आहेस. तूच ठरव.”

मी खूप वेळ खाकरलो. मग म्हणालो, “काथोड, संवाद पाठ कर.”

“आनि तुमी?”

“मी समोर बसतो.”

नाटकाच्या दिवशी हॉल खचाखच भरला होता. ‘माजी नोकरी गेली’ला एरवी शिट्ट्या मारणारे कामगार चिडीचूप झाले. त्यांच्यातल्या पुष्कळांनी घरी हे वाक्य एकदा तरी म्हटलेलं असणार. मी विंगेत, म्हणजे स्टेजच्या कडेच्या आडोशाला, घाम पुसत उभा होतो. टाळ्या पडल्या आणि मला तोल जाईल इतका आनंद झाला. त्या टाळ्या अजिबात माझ्या नसूनही.

मग अप्पा आत आले. मागे मुलगी.

“तुम्ही हिरो होतात ना?”

“होतो. आता दिग्दर्शक आहे.”

“म्हणजे पडदा ओढता?”

“नाही, त्याला दुसरा माणूस आहे.”

“मग तुम्ही नक्की काय करता?”

“मी... बाकीच्यांना कसं करायचं ते सांगतो.”

“आणि स्वतः?”

“स्वतः करत नाही.”

अप्पा हं म्हणाले आणि निघून गेले. स्थळ गेलं, असं मी धरून चाललो. आठवड्याभरात होकार आला.

कारण मला लग्नानंतर कळलं. बदलापूरच्या गणेशोत्सवात सुमनने, म्हणजे अप्पांच्या मुलीने, मला नाटकात राजा झालेलं पाहिलं होतं. “मी अप्पांना सांगून ठेवलं होतं,” ती म्हणाली, “यंदाही तसेच ओरडले तर नकार कळवा.”

पुढे टेलिव्हिजन आलं तसा मी पुन्हा नट म्हणून घुसलो. हौस काही मरत नाही. इन्स्पेक्टर झालो, वकील झालो, मुलींचा बाप झालो. या धंद्यात मी एवढंच शिकलो, की वाईट नटाला कोणी ना कोणी सांगतंच, पण तोच दिग्दर्शक असला की सगळे गप्प बसतात. कमला टीचर प्रत्येक ठिकाणी भेटत नाहीत. एकदा शूटिंगनंतर मी माझाच सीन मॉनिटरवर पाहिला आणि तसाच उठून प्रोड्यूसरकडे गेलो. दिग्दर्शनाचं काम मागितलं.

“का हो?” ते म्हणाले. “नट म्हणून काय वाईट चाललंय?”

“ते तुम्हाला अजून कळलेलं नाही,” मी म्हणालो, “तोवरच मागून घेतो.”