दाराबाहेरच्या चपला

अकोल्यात तो मॉल उघडला तेव्हा सारं गाव सरकत्या जिन्यासाठी लोटलं होतं. मूर्तिजापूरकडून बायका यायच्या, एकमेकींचे पदर धरून जिन्यावर पाय ठेवायच्या, हसत वर जायच्या आणि काहीच न घेता घरी जायच्या. काचेची चार मजली इमारत, वर सिनेमा, आणि भर मे महिन्यात अंगावर काटा येईल असा गारवा. त्या गर्दीला माझे बाबा भुलले. जठारपेठेतलं साड्यांचं चालतं दुकान विकून त्यांनी दुसऱ्या मजल्यावर गाळा घेतला. आई नको नको म्हणत होती, मी तर कडाकडा भांडले. "तुले काय समजते धंद्यातलं?" म्हणाले. संपला विषय.

दुकान हललं, पण बाबा काही हलले नाहीत. बाकीच्यांनी काचेचे काउंटर आणि स्टुलं मांडली, यांनी आपली पांढरी गादी अंथरली. पदर मांडीवर पसरून पाहिल्याशिवाय बाईला साडी कळत नाही, असं त्यांचं ठाम मत. गादी म्हटली की चपला दाराबाहेर. मॉलचा मॅनेजर चिडला, "काका, हे देऊळ आहे का?"

"मंग काय गादीवर चपला घालून बसवू लोकाईले?" बाबांनी त्यालाच उलटं विचारलं.

लग्नसराईत चपलांची रांग शेजारच्या गाळ्यापर्यंत जायची. बाबा गल्ल्याकडे कमी आणि त्या रांगेकडे जास्त पाहायचे. घरी येऊन आईला एवढंच सांगायचे, "आज पाय ठेवाले जागा नोती."

पुढे सिनेमा बंद पडला. सरकता जिना एकदा थांबला तो थांबलाच, कुणी दुरुस्त करायला आलं नाही. दोन मजले चढून साडी घ्यायला कोण येणार? एकेक गाळेवाला शटर ओढून निघून गेला. आई वारली तेव्हा मी म्हटलं, बाबा, आता पुरे, माझ्याकडे अमरावतीला चला.

"दुकान कोन पाहीन?"

"काहून, कोन येते तिथं?"

"येतात. तूच पाहून जाय एकदा."

दिवाळीच्या आधी मी न कळवता गेले, त्यांना घेऊनच यायचं असं ठरवून. बंद पडलेला जिना धापा टाकत चढले. वर सगळा अंधार, एकट्या बाबांच्या गाळ्यात ट्यूबलाइट. आणि दाराबाहेर चपला! चांगली लांब रांग. खोटं कशाला बोलू, माझा जीव भांड्यात पडला. मी उगाच डोकं खात होते त्यांचं, असं वाटलं.

जवळ गेले. पहिले सँडल माझेच, कॉलेजातले, पट्टा तुटलेले. मग बाबांचे जुने जोडे. मग घरातल्या सगळ्या झिजलेल्या स्लिपर. आणि कडेला, पुसून स्वच्छ ठेवलेल्या, आईच्या निळ्या चपला. त्या कुणाला तरी देऊन टाका म्हणून मीच तेराव्याला सांगितलं होतं.

मला रडू आवरेना. ओढणी तोंडात कोंबली. आत बाबा दाराकडे पाठ करून साड्यांच्या घड्या घालत होते. मी माझ्या चपला काढून आईच्या चपलांशेजारी ठेवल्या. तेवढ्या आवाजानं ते ताठ झाले. वळायच्या आधीच त्यांचा हात कपाटाकडे गेला.

"या ताई, बसा. कोनाच्या लग्नाची घ्याची हाये?"

मी गादीवर बसले. त्यांनी मागे वळून पाहू नये, एवढंच वाटत होतं.